गेटजवळचा ओटा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात २६ जानेवारी रोजी केलेले भाषण. वेळेअभावी बोलताना राहून गेलेले दोन-तीन मुद्दे लेखी रूप देताना जोडले आहेत.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘पंचवीस वर्षांचे सिंहावलोकन’ असं छापलं आहे. ते काही माझ्याच्यानं होणार नाही. अहवाल सेक्रेटरींनी आत्ताच वाचला. ताळेबंद खजिनदारांनी मांडला, आणि तो जुळतो हे मी काल रात्री बसून पाहून घेतलं. छत्तीस वर्षं बँकेत काढली, सवय जात नाही. मी बोलणार आहे आपल्या गेटजवळच्या ओट्याबद्दल. कडुनिंबाभोवती शहाबादी फरशीचा जो आठ फूट बाय पाच फूट ओटा आहे, त्याच्याबद्दल. कारण पुढच्या महिन्यात आपली विशेष सभा आहे आणि तिच्या नोटिशीत विषय क्रमांक चार असा आहे : ‘प्रवेशद्वाराजवळील ओटा काढून दोन वाहनांसाठी जागा करणे.’ सेक्रेटरी मला म्हणाले होते, “काका, सणाचा दिवस आहे, हलकंफुलकं बोला.” तर ओट्याइतका हलकाफुलका विषय दुसरा कोणता असणार!

मी मूळचा किन्हीराजाचा. वाशीम जिल्हा, मालेगाव तालुका. नागपूर-औरंगाबाद रस्त्यावर शेलूबाजार आणि मालेगावच्या मधलं गाव. आता लांबच्या गाड्या समृद्धीवरून सुसाट जातात. आमच्या लहानपणी त्याच रस्त्यावरून दिवसाला मोजके ट्रक आणि एसट्या जायच्या आणि आम्ही पोरं त्यांचे नंबर पाठ करायचो. एक गंमत सांगतो. मी जन्मलो तेव्हा माझं गाव मध्यप्रदेशात होतं. १९५६ साली ते मुंबई राज्यात आलं, १९६० साली महाराष्ट्रात. जिल्हा अकोला. मग १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा वेगळा झाला. आमचं घर एक वीतभर हललं नाही आणि पोस्टाचा पत्ता मात्र बदलत राहिला. पुढे बँकेत लोकांचे पत्ते दुरुस्त करून देताना मला याचं फार हसू यायचं.

त्या घराला ओटा होता. तसा गावात प्रत्येक घराला होता. कोणाचा दगडी, कोणाचा मातीचा शेणानं सारवलेला. आमचा दगडी होता आणि मोठा होता, म्हणून तिथे माणसं जास्त. पहाटे शेतात जाणारा गडी तिथे टेकून बिडी ओढायचा. दहा वाजता पोस्टमन यायचा, आणि ज्याचं पत्र असेल त्याला ते वाचून दाखवायचं काम चौथीत गेल्यापासून माझ्याकडे आलं. दुपारी बायका. पाटीभर अंबाडी नाहीतर तुरीच्या शेंगा मधे घ्यायच्या आणि तीन-चार जणी भोवती. सोले निघायचे आणि गावातल्या बातम्याही निघायच्या. संध्याकाळी बाबा, त्यांचे दोन चुलत भाऊ, आणि कापसाचा भाव. रात्री उन्हाळ्यात बाजा बाहेर टाकायच्या.

या सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की ओट्यावर यायला कोणाला बोलावणं लागत नसे. घरात यायचं म्हणजे काम लागतं. काही निमित्त, काही निरोप, निदान ‘जरा विरजण देता का’ एवढं तरी. ओट्यावर माणूस नुसता येऊन बसायचा. बोलायचं असेल तर बोलायचा, नाहीतर गप्प बसून उठून जायचा. त्याला चहा द्यावा लागत नसे, आणि तो आला म्हणून घरची कामंही थांबत नसत. आमच्याकडे एक म्हातारे यायचे, दोन-दोन तास बसायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. जाताना म्हणायचे, “चाल, येतो बावा.” झालं. त्यांचं दुपारचं काम झालेलं असायचं.

१९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. खेड्यापाड्यांतून शाखा निघाल्या आणि आमच्यासारख्या शेतकऱ्याच्या बी.कॉम. पोरांना नोकऱ्या लागल्या. त्यानंतरची माझी गोष्ट म्हणजे बदल्यांची यादी आहे : रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, दिग्रस... ती वाचत नाही. प्रत्येक गावी भाड्याची दोन खोल्यांची घरं, आणि घरमालकाचा ओटा असलाच तर त्याच्यावर घरमालक.

शेवटी अकोल्यात स्थिरावायचं ठरलं. आपल्यासारखेच सगळे तेव्हा एकत्र आले. कोणी विद्युत मंडळातले, कोणी कृषी विद्यापीठातले, कोणी जिल्हा परिषदेचे गुरुजी, दोघे एसटीतले, बँकवाले आम्ही चौघं. इमारत झाली, बिल्डरकडून ताबा मिळाला, २००० च्या जानेवारीत नोंदणी झाली. चोवीस फ्लॅट, तीन मजले, दोन विंग. लिफ्ट नव्हती. ती नंतर आली, आणि त्या सभेत जे बोलणं झालं ते आजच्या दिवशी नको.

या निमित्तानं नव्या पिढीला एक माहिती देतो, कारण सोसायटी म्हणजे मेंटेनन्सची पावती एवढंच बऱ्याच जणांना वाटतं. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी निघाली. आपल्या देशातल्या सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात तिथून धरतात. त्यामागे होते रावबहादूर तल्मकी. त्याच्या आधी, १९०६ साली, त्यांनी आपल्या गुरूंच्या नावानं शामराव विठ्ठल बँक काढली होती. म्हणून आम्हा बँकवाल्यांना त्यांच्याबद्दल जरा जास्त आपुलकी. १९०४ चा सहकाराचा कायदा फक्त पतपेढ्यांपुरता होता. १९१२ साली तो बदलला आणि घरांसाठीही संस्था काढता येऊ लागल्या. मुंबईत नोकरीसाठी आलेल्या, भाड्यानं गांजलेल्या मध्यमवर्गीय माणसांनी मिळून घर बांधायचं, सगळे मिळून मालक आणि सगळेच भाडेकरू, अशी ती कल्पना होती. आपण आपापल्या फ्लॅटचं दार लावून घेतो तेव्हा दाराच्या आतलं आपलं असतं. पण जिना, गच्ची, गेट, अंगण, बोअर आणि तो कडुनिंब हे चोवीस जणांचं आहे. त्याचे चोवीस तुकडे होत नाहीत.

आता आपल्या ओट्याचा जन्म. इमारत झाल्यावर कोपऱ्यात शहाबादी फरशी उरली होती. कडुनिंब आधीपासूनचा, जागा शेताची होती तेव्हाचा. बिल्डरचा माणूस फरशी उचलून न्यायला आला, तेव्हा आपले पहिले अध्यक्ष त्याला म्हणाले, “ठेव बाबू, तुले पैसे देतो.” मिस्त्री दोन दिवस लागला. त्या वेळी मी खजिनदार होतो. कॅशबुकात नोंद आहे : मिस्त्री, रेती, सिमेंट व फरशी मिळून रुपये १,८५०. खर्चाचं शीर्षक ‘किरकोळ’.

त्या किरकोळ खर्चाचा पहिला उपयोग माझ्या आईनं केला. बाबा गेल्यावर २००१ साली मी तिला किन्हीराजाहून इथे आणलं. तेव्हा ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची. आधी यायलाच तयार नव्हती. आली, दोन्ही खोल्या पाहिल्या, गॅलरीतून खाली पाहिलं आणि म्हणाली, “कसं रे हे घर, बापू? चारी बाजूनं बंद. मानूस दिसत नाही ना कुत्रं.” दोन दिवस जेवली नाही नीट. “मले करमत नाही अठी, मले गावाले नेऊन दे.” तिसऱ्या दिवशी सकाळी मी बँकेत निघालो, तर ही ओट्यावर. पदर सावरून, पाय वर घेऊन, जणू तिथेच जन्मली. समोर पहिल्या मजल्यावरच्या वहिनींची मुलगी उभी, आणि आई तिला विचारत होती, “तुही माय काय करून राहिली? डबा झाला का तिचा?”

एका महिन्यात तिला चोवीस घरांची माहिती झाली. मला सहा घरांची होती, तीही नावाच्या पाट्या वाचून. कोणाच्या घरी परीक्षा, कोणाचा जावई येणार, कोणाचं दूध नासलं. गेटमधून अनोळखी माणूस आत आला की ती विचारायची, “कोनाच्या इथं जाऊन राहिले भाऊ?” त्या प्रश्नाला बगल देऊन कोणी पुढे गेला नाही. आपल्याकडे तेव्हा वॉचमन नव्हता, आता दोन आहेत, त्यांच्या टेबलावर रजिस्टर आहे, आणि कुरिअरवाले त्यात काय लिहितात ते तुम्ही एकदा वाचून पाहा.

सोसायटीतले पोट्टे तिला किन्हीआजी म्हणायचे. शाळेची बस चुकली की आधी तिच्याकडे, मग घरी. तिच्या कमरेच्या पिशवीत गुळाचे खडे आणि फुटाणे असायचे. आज व्यासपीठावर बसलेल्या आपल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्या पिशवीतून किती फुटाणे खाल्ले असतील याचा हिशेब माझ्याकडे नाही. आई २००९ साली गेली. शेवटच्या वर्षी तिला जिना उतरता यायचा नाही, तर दुसऱ्या मजल्यावरचे दोघं मुलगे तिला खुर्चीत बसवून खाली आणायचे आणि अकराच्या सुमारास परत वर नेऊन ठेवायचे. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मला जे सांगायचं आहे ते ती कोणालाही न सांगता करत होती.

बाकीच्या आठवणी तुमच्याही आहेत, त्यामुळे सगळ्या सांगत बसत नाही. पण गच्चीवरच्या कुरडया सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एप्रिल महिना, गहू तीन दिवस भिजवलेले, चौथ्या दिवशी पहाटे चार वाजता मोठ्या पातेल्यात चीक शिजतो आहे, आणि दोन्ही विंगमधल्या बायका सोऱ्या घेऊन गच्चीवर. ऊन चढायच्या आत उरकायला हवं, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि एप्रिलमध्येही तो काही मागे राहत नाही. खाली वाटीत गरम चीक, वर साखर आणि दूध. तो खायला मुलं डोळे चोळत वर यायची आणि नंतर कावळे हाकलायला तिथेच बसवली जायची. चोवीस घरांच्या कुरडया, सरगुंडे, मुंगवड्या, खारोड्या एकाच गच्चीवर. कोणाची चादर कोणती हे कळावं म्हणून एका काकूंनी कोपऱ्यांना रंगीत दोरे बांधले होते. तरी संध्याकाळी गोंधळ व्हायचाच, आणि ज्यांच्या कुरडया पांढऱ्याशुभ्र होत त्यांच्या थोड्या कमी भरत, असं आमच्या घरात बोललं जाई.

भारनियमनाचे दिवस आठवा. २००५ च्या पुढची ती वर्षं. वीज गेली की पंखे बंद, कूलर बंद, टीव्ही बंद, आणि पाचव्या मिनिटाला सगळी सोसायटी ओट्याभोवती. पुठ्ठ्याच्या तुकड्यांनी वारा घेत. त्या अंधारात दोन लग्नं जमली, हे त्यातल्या एका जोडप्याच्या परवानगीनं सांगतो. वीज आली की सगळे ‘आली, आली’ म्हणून ओरडायचे आणि वर पळायचे, पण एक-दोघं बसूनच राहायचे. भारनियमन संपलं ते चांगलंच झालं. मला ते परत नको आहे, माझ्या वयाला तर मुळीच नको.

तसंच २ एप्रिल २०११. विश्वचषकाचा अंतिम सामना. दुसऱ्या विंगमधल्या मेहुण्यांनी टीव्ही खाली आणून ओट्यावर ठेवला. तेव्हाचा तो जाडा, पाठीमागे कुबड असलेला टीव्ही, चौघांनी उचलला. धोनीनं षटकार मारला तेव्हा ओट्यावर इतकी माणसं उभी होती की मला फरशीची काळजी वाटली. फरशीला काही झालं नाही. मिस्त्रीचं काम चांगलं होतं.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी आपली पोरं राजराजेश्वराच्या कावडीला जातात. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन अठरा किलोमीटर चालतात. परत येतात तेव्हा पाय सुजलेले. ओट्यावर घमेली मांडून, कोमट पाण्यात मीठ टाकून बायका त्यांची वाट पाहत बसलेल्या असतात. कोजागिरीचं दूध तिथे. भुलाबाईची गाणी म्हणायला मुली तिथे जमायच्या. आता मुली कमी झाल्या, पण गेल्या वर्षी तिघी होत्या. आणि रोज पाच वाजता मेथीची जुडी घेऊन खाली येणाऱ्या आमच्या सौभाग्यवती आणि मंडळी. मेथी वरही निवडता येते हे त्यांना माहीत आहे.

आता जरा गंभीर सांगतो.

सकाळी साडेसहा ते साडेआठ ओट्यावर आम्ही आठ-दहा जण पेपर वाचतो. ‘देशोन्नती’ एकानं आणायचा, दुसरा दुसऱ्यानं, पानं वाटून घ्यायची. तळमजल्यावरच्या गुरुजींकडे पहिलं पान असायचं, कारण ते मोठ्यानं वाचायचे. २०१३ च्या हिवाळ्यातली गोष्ट. साडेसात झाले, गुरुजी आले नाहीत. कोणी म्हणालं, थंडी आहे, झोपले असतील. एसटीतले आपले भाऊ म्हणाले, “गुरुजी आणि झोपले? चला, पाहू.” दार वाजवलं. उत्तर नाही. गुरुजी एकटे राहायचे, मुलगा पुण्याला. कुलूप आतून. कान लावला तर आतून बारीक आवाज आला. दार तोडलं. पहाटे पाच वाजता न्हाणीघरात पाय घसरून पडले होते, तेव्हापासून तिथेच. खुब्याचं हाड मोडलेलं, अंग गार पडलेलं. फोन पलंगाजवळ, त्यांच्यापासून वीस पावलांवर.

दवाखान्यात नेलं, शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत तसेच राहिले असते तर सांगता आलं नसतं. मुलगा रात्री पोहोचला. तो ओट्याजवळ उभा राहून आम्हाला काही बोलायचा प्रयत्न करत होता, त्याला बोलता येईना. आम्ही म्हटलं, आधी वर चल, जेवून घे. तीन महिन्यांनी गुरुजी वॉकर घेऊन ओट्यावर आले, पहिलं पान मागितलं आणि मधल्या काळात आम्ही बातम्या कशा चुकीच्या वाचल्या ते सांगितलं. त्यानंतर सात वर्षं ते होते.

त्या वर्षी आपण एक पद्धत सुरू केली. एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाची दुसरी किल्ली शेजारच्या घरी. आज अशा नऊ किल्ल्या आहेत आणि कोणाची कोणाकडे आहे याची वही माझ्याकडे आहे. पण किल्ली कधी वापरायची हे वहीत लिहिलेलं नाही. ते साडेसात वाजता ओट्यावर कळतं.

कोरोनात हे फार जाणवलं. २०२० च्या मार्चमध्ये आपण ओट्याला दोरी बांधली. बांधायलाच हवी होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-अकोल्यात पुन्हा टाळेबंदी लागली तेव्हा दुसऱ्यांदा बांधली. औषधं, दूध, डबे दारात ठेवून बेल वाजवून मुलं पळायची. त्या मुलांचं कौतुक करावं तेवढं थोडं. कोणी उपाशी राहिलं नाही. पण त्या महिन्यांत सकाळी गॅलरीत उभं राहून आम्ही सगळे एकमेकांच्या गॅलऱ्या मोजायचो. कोण दिसलं, कोण नाही. आपली तीन माणसं त्या दिवसांत गेली, त्यांतल्या एकांना शेवटचं पाहणंही झालं नाही.

आता आजची स्थिती. चोवीस फ्लॅटपैकी पाच बंद आहेत. मालक पुणे, हैदराबाद, एक ऑस्ट्रेलिया. अकरा फ्लॅटमध्ये फक्त साठीच्या पुढची माणसं राहतात. उरलेल्या आठांत तरुण कुटुंबं आहेत. आपली मुलं शिकली, बाहेर गेली, चांगलं झालं. त्यासाठीच तर आपण बदल्या सोसल्या, ट्यूशनच्या फिया भरल्या. दोष कोणालाच नाही. फक्त आकडा लक्षात ठेवा : अकरा घरं. दहा वर्षांनी ती किती होतील याचं गणित प्रत्येकानं आपापल्या घरी मांडावं.

दुसऱ्या बाजूनंही बोललं पाहिजे. पार्किंगची अडचण खोटी नाही. आपल्याकडे पार्किंगच्या चौदा जागा आणि सतरा गाड्या आहेत. त्यातही तीन जागा बंद फ्लॅटवाल्यांच्या, रिकाम्या. म्हणजे रोज सहा गाड्या रस्त्यावर. गेल्या पावसाळ्यात एका गाडीची काच फुटली, दुसरीवर कोणीतरी खिळ्यानं रेघ ओढली. ज्यांनी कर्ज काढून गाडी घेतली त्यांना रात्री झोप लागत नाही, हे मला समजतं. वाहनकर्जाचे कागद मी आयुष्यभर पाहिले आहेत. ही मुलं ओट्याच्या वाईटावर नाहीत. त्यांना जागा हवी आहे, आणि ती मागण्याचा त्यांना हक्क आहे.

म्हणून गेल्या आठवड्यात मी टेप घेऊन आवार मोजलं. वॉचमनला वाटलं काका जमीन विकायला काढतात. ओटा काढला तर दोन गाड्या बसतील असं नोटिशीत आहे. नुसता ओटा काढून एकही बसत नाही, कारण मधे कडुनिंबाचं खोड आहे. म्हणजे झाडही तोडावं लागेल, आणि शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ही गोष्ट नोटिशीत नाही. ती असायला हवी होती, एवढंच म्हणतो.

मग मागे पंपघराजवळ गेलो. तिथे नऊ दुचाकी आहेत, ज्यांच्या चाकांत हवा नाही आणि दोघींच्या सीटमध्ये मांजरानं संसार थाटला आहे. शिवाय कूलरचा एक गंजका सांगाडा, एक मोडका पलंग, आणि कोणाची तरी पिठाची गिरणी. मालकांची नावं इथे घेत नाही, सगळ्यांना दुपारी जेवायचं आहे. ही जागा भरली सतरा फूट बाय अठरा फूट. गाडीला साधारण आठ फूट बाय साडेसोळा फूट लागतात. दोन गाड्या आरामात.

त्यानंतर बंद फ्लॅटवाल्या तिघांना फोन केले, ज्यांच्या जागा रिकाम्या आहेत. दोघं म्हणाले, काका, खुशाल वापरा, आम्ही येऊ तेव्हा आठ दिवस सोय करा म्हणजे झालं. तिसऱ्यांचा फोन अजून लागला नाही. पार्किंगची जागा ही कोणाची खासगी मालमत्ता नसते. बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० सालचा निकाल आहे, आणि वाटप करणं हे सोसायटीचं काम आहे. तरी विचारून घेतलेलं बरं, म्हणून विचारलं. तर झाल्या चार जागा. सहातल्या उरल्या दोन गाड्या. त्यांच्यासाठी दरवर्षी चिठ्ठ्या टाकाव्यात, म्हणजे बाहेर राहण्याची पाळी सगळ्यांवर येईल, आणि गेटबाहेर एक कॅमेरा व एक दिवा लावावा. दिव्याचं आणि कॅमेऱ्याचं कोटेशन मी आणलं आहे, सेक्रेटरींकडे दिलं आहे. खर्च ओटा फोडून पेव्हर ब्लॉक बसवण्याच्या निम्म्याहून कमी येतो.

काही जण म्हणतात, ओटा नसला तर काय झालं, आपला व्हॉट्सॲप ग्रुप आहे, गच्चीवर हॉल होणार आहे. ग्रुप उत्तम आहे. नळ कधी येणार ते त्याच्यावरच कळतं, आणि महानच्या धरणाचं पाणी कधी चार दिवसांनी, कधी आठ दिवसांनी येणाऱ्या आपल्या गावात ही फार मोठी सोय आहे. पण सकाळी साडेसहाला ‘शुभ प्रभात’चं फूल पाठवून माणूस न्हाणीघरात पडलेला असू शकतो. हॉलबद्दल म्हणाल तर हॉलला कुलूप असतं, बुकिंग असतं, वाढदिवस असतो. तिथे नुसतं जाऊन बसता येत नाही. माझ्या आईला हॉलमध्ये बसायला सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, “कोनाचं लगन आहे?”

विषय क्रमांक चारवर मी विरोधात मत देणार आहे. त्याऐवजी एक उपसूचना लेखी दिली आहे : पंपघराजवळची जागा ३१ मार्चपर्यंत मोकळी करावी, चार जागांचं नव्यानं वाटप करावं, उरलेल्या दोन गाड्यांसाठी चिठ्ठ्या टाकाव्यात, गेटबाहेर दिवा व कॅमेरा बसवावा, आणि ओट्याच्या पूर्वेकडच्या दोन फरशा हलल्या आहेत त्या मिस्त्रीकडून पक्क्या करून घ्याव्यात. अनुमोदक हवा आहे. तो तरुण कुटुंबांपैकी कोणी असला तर मला जास्त आवडेल. ज्यांना मोजमाप तपासायचं आहे त्यांनी उद्या सकाळी साडेसहाला ओट्यावर यावं. टेप माझ्या खिशात असेल, पेपरचं एखादं पानही मिळेल.

मागच्या बाजूनं गोवऱ्यांचा धूर येतो आहे, म्हणजे रोडगे निघाले. वांग्याची भाजी दुसऱ्या विंगच्या मंडळींनी केली आहे आणि ती तिखट आहे असं मला आधीच सांगण्यात आलं आहे. रोडगा तुपात कुस्करून गरम खायचा असतो, तेव्हा मी इथेच थांबतो. मोठ्यांची पंगत ओट्याकडच्या बाजूला, मुलांची पहिली.